चर्चा धागा: १५० पौंडांचं घर. लेचवर्थचं १९०५चं प्रदर्शन यशस्वी म्हणायचं का?

ओळंबा (धागाकर्ता)

गार्डन सिटी चळवळीचा (बागा आणि शेतं राखून आखीव नवी गावं वसवण्याच्या चळवळीचा) इतिहास कुठेही वाचा, लेचवर्थच्या १९०५च्या 'चीप कॉटेजेस एक्झिबिशन'चं, म्हणजे स्वस्त घरांच्या प्रदर्शनाचं, कौतुकच असतं. ते मला पटत नाही. गर्दी झाली, गाव नावारूपाला आलं, वास्तुरचनाकारांना हात मोकळा करायला मिळाला, हे सगळं मान्य. पण ज्या शेतमजुरासाठी हे मांडलं होतं त्याच्या पदरात काय पडलं, हे कोणी विचारत नाही.

ज्यांना हा विषय नवीन आहे त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. लेचवर्थ हे लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशरमधलं गाव. एबनेझर हॉवर्डच्या कल्पनेनुसार 'फर्स्ट गार्डन सिटी लिमिटेड' या कंपनीने १९०३ साली तिथे सुमारे ३,८०० एकर जमीन घेऊन वसाहत सुरू केली. कंपनीचा नफा ५ टक्क्यांवर बांधलेला होता, त्यामुळे भांडवल सावकाश येत होतं. त्याच सुमारास 'स्पेक्टेटर'चे संपादक सेंट लो स्ट्रेची एक प्रश्न लावून धरत होते. खेड्यातली मजुरांची घरं मोडकळीला आली आहेत आणि नवी कोणी बांधत नाही, कारण बांधून भाड्यात पैसे सुटत नाहीत. मग १५० पौंडांत धड घर उभं करून दाखवता येईल का? १९०४च्या अखेरीस त्यांनी तो 'काउंटी जंटलमन' या आपल्या नियतकालिकात जाहीरपणे मांडला. लेचवर्थच्या कंपनीने जागा देऊ केली. २५ जुलै १९०५ रोजी ड्यूक ऑफ डेव्हनशर यांच्या हस्ते प्रदर्शन उघडलं. सव्वाशेच्या आसपास घरं उभी राहिली. बरीचशी रेल्वेच्या उत्तर बाजूला, आइकनील्ड वे, विल्बरी रोड आणि आजच्या नेव्हेल्स रोडवर. नेव्हेल्स रोडचं तेव्हाचं नावच 'एक्झिबिशन रोड' होतं. साठ हजारांच्या घरात माणसं येऊन पाहून गेली.

आता हिशेब (तेव्हा पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगाच्या १२ पेनी). त्या काळी दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराची रोख मजुरी आठवड्याला १५ शिलिंगांच्या आसपास, आणि घरभाडं तो २ शिलिंगांच्या आतबाहेर देत असे. आठवड्याला २ शिलिंग म्हणजे वर्षाला ५ पौंड ४ शिलिंग. दुरुस्ती, कर, विमा आणि घर रिकामं राहिलं तर होणारा तोटा, या सगळ्याला वर्षाला २ पौंड बाजूला काढा. उरले ३ पौंड ४ शिलिंग. घालणाऱ्याला पैशावर ५ टक्के हवे असतील तर एवढ्या उत्पन्नावर घरात ६४ पौंड घालता येतात. चौसष्ट! १५० नाही. उलट बाजूने मांडा: १५० पौंडांवर ५ टक्के म्हणजे साडेसात पौंड, वर २ पौंड खर्च, मिळून साडेनऊ. आठवड्याला ३ शिलिंग ८ पेनी. पंधरा शिलिंग कमावणारा माणूस मजुरीचा चौथा हिस्सा छपरासाठी देणार आणि मग मुलांना खाऊ काय घालणार?

शिवाय त्या १५० पौंडांत जमीन धरलेली नव्हती. म्हणजे प्रदर्शनाने मागितलेला आकडा गाठला असता तरी मजूर त्या घरात जाऊ शकत नव्हता. प्रश्नच चुकीचा मांडला गेला, असं माझं म्हणणं आहे.

---

रंधा

साफ असहमत. तुमचं गणित बरोबर आहे, पण तुम्ही प्रदर्शनाला भाड्याच्या एकाच तराजूत घातलंत.

तेव्हा खेड्यात घर महाग का पडत होतं? त्याचं एक मोठं कारण म्हणजे बायलॉज. शहरातल्या दाट वस्तीसाठी, आग आणि रोगराई यांना भिऊन केलेले बांधकामाचे नियम अनेक ग्रामीण मंडळांनी जसेच्या तसे उचलले होते. बाहेरची भिंत वीट, दगड अशा न जळणाऱ्या मालाचीच हवी, भिंतीची जाडी अमुक, खोलीची उंची तमुक. शेजारचं घर शंभर यार्डांवर असलं तरी लाकडी भिंत चालणार नाही! शेतात एकट्या उभ्या घराला रांगेतल्या घराचे आगीचे नियम लावले की खर्च वाढणारच.

हे कागदावर भांडून सुटणारं नव्हतं. लाकडी सांगाड्यावर आडव्या फळ्या मारलेलं घर, काँक्रीट ठोकळ्यांचं घर, लोखंडी जाळीवर गिलावा केलेलं घर, हे सगळं एका जागी उभं करून मंडळांच्या माणसांना आत फिरवणं, हाच उपाय होता. लेचवर्थने ते केलं. त्यातली अनेक घरं आजही राहती आहेत. ज्या भिंतींना 'तकलादू' म्हणून परवानगी नाकारली जायची, त्या शतकभर टिकल्या. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

लाकडाबद्दल एक खुलासा करतो, कारण 'लाकडी घर म्हणजे स्वस्त आणि तात्पुरतं' हा समज अजून आहे. लाकडी भिंत बिघडते ती तीन ठिकाणी. एक, सर्वांत खालची आडवी पट्टी, म्हणजे सांगाडा जिच्यावर उभा राहतो ती. ती जमिनीपासून निदान ६ इंच वर, विटांच्या जोत्यावर हवी आणि तिच्या खाली ओल अडवणारा थर हवा. डांबरी कापड किंवा स्लेटच्या दोन ओळी चालतात. दुसरं, फळ्यांचं लाकूड. ओलं लाकूड मारलं की वर्षभरात आकसतं, फळीवरची फळी सुटते आणि वारा थेट आत. प्रदर्शनाची तारीख ठरलेली असली की बांधणारा लाकूड सुकायची वाट पाहत नाही, ही खरी अडचण होती. तिसरं, चुलीच्या धुराड्याजवळचा सांधा. वीट हलत नाही, लाकूड हलतं. तिथे शिशाचा पत्रा नीट वळवून घेतला नाही तर पहिल्या पावसात गळती.

हे तिन्ही जिथे सांभाळलं तिथे घर टिकलं.

---

थापी

कोणत्या घरात पैसा खरोखर वाचला आणि कोणत्या घरात तो दिसेनासा झाला, हे पाहिल्याशिवाय या वादाला अर्थ नाही.

पहिलं, नकाशाचा आकार. २० फूट बाय २० फूट, म्हणजे ४०० चौरस फुटांच्या मजल्याला ८० फूट बाहेरची भिंत लागते. तेवढंच क्षेत्र ४० बाय १० केलं तर १०० फूट. भिंत १६ फूट उंच धरली तर या २० फुटांची ३२० चौरस फूट भिंत वाढली. ९ इंची भिंतीला चौरस यार्डाला शंभराच्या आसपास विटा लागतात, म्हणजे साडेतीन हजार विटा नुसत्या आकारामुळे. म्हणून चांगली स्वस्त घरं चौकोनी आणि ठेंगणी असतात.

दुसरं, जोडघर. तेच २० बाय २०चे दोन गाळे मधल्या भिंतीने जोडले की दोघांत मिळून १४० फूट भिंत, दर घरी ७०. चार जोडले की दर घरी ६५. सुटं घर बांधून १५० पौंडांत बसवायचं म्हणजे स्वतःचेच हात बांधून घेणं. आणि १५० पौंडांचं मुख्य बक्षीस सुट्या घरालाच होतं! चेस्टरफील्डच्या पर्सी हाउफ्टन यांनी ते मिळवलं, आइकनील्ड वेवर घर आहे. त्यांची शिस्त बघण्यासारखी आहे: साधा चौकोन, सरळ छप्पर, नक्षी नाही, पैसे जिथे लागतात तिथेच घातलेले.

तिसरं, वरच्या खोल्या छपरात घालणं. भिंत खालच्या मजल्यावरच संपवायची आणि झोपायच्या खोल्या उतरत्या छपराखाली घ्यायच्या. चार-पाच फूट भिंत वाचते, हे खरं. पण मग उजेडाला छपरातून बाहेर काढलेली खिडकी लागते. तिला दोन गाल, वर छोटं छप्पर, खाली आणि बाजूंना शिशाचे पत्रे. अशा दोन खिडक्या काढल्या की वाचलेल्या विटांचे पैसे सुताराच्या आणि शिसेकाम करणाऱ्याच्या खिशात जातात. गळती सुरू होते तीही तिथेच, गाल आणि कौलं भेटतात त्या कोपऱ्यात. एका कडेच्या भिंतीत खिडक्या घेऊन छपराला हात न लावलेली घरं जास्त शहाणी.

चौथं, ९ इंची भरीव भिंत. तिरका पाऊस तिच्यातून आत येतो. त्यावर दोन उपाय. साडेचार इंच, मधे २ इंच पोकळी, पुन्हा साडेचार, अशी ११ इंची पोकळ भिंत. नाहीतर बाहेरून खडीचा गिलावा. गिलावा स्वस्त म्हणून तो सगळीकडे दिसतो. त्यात सिमेंट जास्त झालं की केसासारख्या भेगा पडतात, पाणी भेगेतून आत शिरतं आणि परत सुकायला वाट मिळत नाही. चुना जास्त ठेवला तर गिलावा मऊ राहतो, भिंतीबरोबर हलतो.

आता वास्तुरचनाकार बेली स्कॉटचं एल्मवूड कॉटेजेस. नॉर्टन वेवरचं हे जोडघर त्या प्रदर्शनातलं सर्वांत देखणं, पण पैशाची मर्यादा त्याने सरळ ओलांडली. देखण्या घराला दाद मिळाली आणि ज्याने आकडा पाळला त्याला बक्षीस. दोन्ही एकाच घरात झालं नाही, यातच मला ओळंब्यांच्या बाजूचं थोडं तथ्य दिसतं.

---

आणेवारी

थापी यांच्या तपशिलाला मान देऊन सांगतो की विटा वाचवून हा प्रश्न सुटणारा नव्हताच. ओळंबा यांनी ५ टक्के धरले आणि तिथेच थांबले. एक पाऊल पुढे जा.

२०० पौंडांचं घर १५० पौंडांत आणलं, म्हणजे बांधणाऱ्याने सगळं कसब पणाला लावून पाव हिस्सा खर्च कापला. ५ टक्के व्याजाने वर्षाला अडीच पौंड वाचले. आठवड्याला साडेअकरा पेनी.

आता घर १५० पौंडांचंच राहू द्या आणि व्याज ५ वरून ३ टक्क्यांवर आणा. वर्षाला ३ पौंड वाचतात, आठवड्याला जवळजवळ १ शिलिंग २ पेनी. म्हणजे स्वस्त कर्जाने जे होतं ते सव्वाशे वास्तुरचनाकारांनी मिळूनही होत नाही. अजून स्पष्ट बघायचं तर ३ टक्क्यांनी काढलेलं २०० पौंडांचं धड, उंच खोल्यांचं, पोकळ भिंतीचं घर वर्षाला ६ पौंडांना पडतं, आणि ५ टक्क्यांनी काढलेलं १५० पौंडांचं कापाकापी केलेलं घर साडेसातला.

तरीही ३ टक्क्यांवरसुद्धा ओळंब्यांच्या मजुराचं २ शिलिंग भाडं फक्त १०६ पौंडांचं घर पेलतं. म्हणजे उरलेलं अंतर मजुरी वाढवून किंवा सरकारी पैसा घालून भरायला हवं होतं. १९१९च्या अॅडिसन कायद्याने अखेर तेच केलं: नगरपालिकांनी घरं बांधायची, एका पेनीच्या करापलीकडचा तोटा सरकारने सोसायचा. नकाशा बदलला म्हणून ते घडलं नाही, पैसे कोण देणार याचं उत्तर बदललं म्हणून घडलं.

---

रंधा

@आणेवारी, व्याजाचा मुद्दा बिनतोड आहे. पण १९०५ साली शेतमजुराच्या घरासाठी ३ टक्क्यांनी पैसे देणार कोण होतं? ते आणण्यासाठी राजकारण्यांच्या आणि वर्तमानपत्रांच्या डोळ्यांसमोर हा प्रश्न आणावा लागतो. साठ हजार लोक रेल्वेने येऊन घरं बघतात तेव्हा तो येतो. स्ट्रेची स्वतः संपादक होते, प्रसिद्धीचं मोल त्यांना कळत होतं.

---

ओळंबा

साठ हजार आले खरे, पण घरं घेतली कोणी? त्यातली पुष्कळ शनिवार-रविवार खेड्यात काढणाऱ्या मध्यमवर्गीयांकडे गेली, ही तक्रार त्याच काळातली आहे. त्यात नवल नाही. १५० पौंडांत टुमदार घर मिळतंय म्हटल्यावर लंडनचा कारकून किंवा चित्रकार आधी पोचणार, शेतमजूर नाही. पुढे लेचवर्थमध्ये छापखाने आणि कारखाने आले तेव्हा तिथले कितीतरी कामगार हिचिन आणि बॉल्डॉक या शेजारच्या जुन्या गावांतून ये-जा करत होते, कारण लेचवर्थचं भाडं परवडत नव्हतं.

हा प्रश्न लेचवर्थमध्ये थोडाफार सोडवला कोणी? 'गार्डन सिटी टेनंट्स'सारख्या, भाडेकरूंनाच भागीदार करून घेणाऱ्या संस्थांनी आणि १९११च्या 'हॉवर्ड कॉटेज सोसायटी'ने. एकाच नकाशाची घरं चार-सहाच्या गटाने, एकाच ठेकेदाराकडून, एकाच वेळी खोदलेल्या गटाराला जोडून. रेमंड अन्विन यांना १९०५च्या प्रदर्शनाची विसंगत खिचडी रुचली नव्हती, आणि त्यांचं दुःख मला समजतं. ज्याने रस्त्याची वळणं, घरांच्या रांगा, झाडं या सगळ्यांचा एकत्र विचार करून आराखडा काढला, त्याच्या गावात शंभर जणांनी शंभर तऱ्हेची घरं आणून ठेवली.

---

सातबारा

नियोजनाच्या बाजूने बोलतो. इथे सगळे लेचवर्थला धरून बसलेत, पण या गोष्टीचा दुसरा अंक लंडनच्या पूर्वेला, तेव्हाच्या एसेक्समधल्या गिडिया पार्कमध्ये आहे. खऱ्या अर्थाने गार्डन सबर्बमधलं, म्हणजे बागांच्या उपनगरातलं, घरांचं प्रदर्शन ते.

हर्बर्ट राफेल या लिबरल खासदारांनी १८९७ साली रॉमफर्डजवळची गिडिया हॉलची जहागीर घेतली होती. चार्ल्स मकर्डी आणि जॉन ट्यूडर वॉल्टर्स यांच्याबरोबर त्यांनी तिथे 'रॉमफर्ड गार्डन सबर्ब' काढलं. आधी ग्रेट ईस्टर्न रेल्वेचं स्टेशन मिळवलं, ते डिसेंबर १९१०मध्ये 'स्क्विरल्स हीथ अँड गिडिया पार्क' या नावाने उघडलं. १९११च्या उन्हाळ्यात प्रदर्शन. शंभराहून जास्त वास्तुरचनाकार, त्यात बेली स्कॉट, अॅशबी, पार्कर आणि अन्विन अशी मंडळी. दोन वर्ग: चार झोपायच्या खोल्यांचं घर ५०० पौंडांत, तीन खोल्यांचं ३७५ पौंडांत.

आकडे पाहा. सहा वर्षांत १५०चे ३७५ झाले. शेतमजूर चर्चेतूनच गेला आणि त्याच्या जागी लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला रोज गाडीने जाणारा कारकून आला. इथपर्यंत ओळंब्यांच्या बाजूचाच पुरावा.

पण आता ट्यूडर वॉल्टर्स हे नाव लक्षात ठेवा. पहिल्या महायुद्धात कामगारांच्या घरांचा दर्जा ठरवायला सरकारने समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच, आणि समितीत रेमंड अन्विन. १९१८चा तो अहवाल आणि मागोमाग १९१९चा कायदा यांच्यावर इंग्लंडमधली पहिली मोठी सरकारी घरबांधणी उभी राहिली: शहरात एकरी १२ घरं, मागे-पुढे बाग, प्रत्येक घराला न्हाणी, घराच्या दर्शनी बाजूला ऊन. हे नियम हवेतून आले नाहीत. खोलीचा आकार किती असला की सामान मावतं, जिना बैठकीच्या खोलीतून काढला तर काय त्रास होतो, आंघोळीचा टब मोरीत झाकणाखाली ठेवला तर चालतो का, हे सगळं आधीच्या पंधरा वर्षांत लेचवर्थ, लंडनचं हॅम्पस्टेड आणि गिडिया पार्कमध्ये प्रत्यक्ष बांधून पाहिलेलं होतं.

एक उदाहरण देतो, कारण ते महत्त्वाचं आहे. अन्विन यांचं ठाम मत की लहान घरात पाहुण्यांसाठी वेगळी बैठक काढणं म्हणजे जागेची उधळपट्टी. त्यापेक्षा एकच मोठी, ऊन येणारी राहती खोली द्या. कामगारांच्या बायकांना मात्र ती वेगळी खोली हवी होती. आजारी माणूस, पाहुणा, अभ्यासाला बसलेला मुलगा, मयताची पेटी, यांना जागा कुठे? १९१८च्या अहवालात दोन्ही तऱ्हेचे नकाशे आले. बांधलेल्या घरात माणसं राहिल्यावरच हे कळतं.

रस्त्यांचंही तसंच. बायलॉजप्रमाणे नवा रस्ता ४० फुटांचा, पूर्ण फरसबंदीचा. वीस घरांच्या गल्लीला तेवढा रस्ता लागत नाही, पण त्याचा खर्च भाड्यात येतोच. हॅम्पस्टेड गार्डन सबर्बला यातून सुटायला १९०६ साली संसदेकडून स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागला: रस्ता अरुंद चालेल, पण समोरासमोरच्या घरांत ५० फूट अंतर आणि एकरी ८पेक्षा जास्त घरं नाहीत. उजेड-वारा मिळाल्याशी काम, डांबराशी नाही.

---

ओळंबा

@सातबारा, गिडिया पार्क ते १९१८चा अहवाल ही साखळी मान्य. पण तुमचीच साखळी सांगते की उपयोग झाला तो समितीत बसलेल्यांच्या अनुभवाचा. स्पर्धेचा नाही. स्पर्धेतल्या घराला एकच दोष सगळ्यांत जास्त नडतो: ते पुन्हा त्याच किमतीत बांधता येत नाही. काँक्रीट ठोकळ्यांचं यंत्र विकणारा १५० पौंडांत घर बांधून देतो तेव्हा वरचा तोटा तो जाहिरातीच्या खात्यात टाकतो. दुसरं घर मागायला गेलात की खरा भाव कळतो.

---

कडीपाट

ब्रॉडींचं नाव अजून कोणी घेतलं नाही? या प्रदर्शनातली सर्वांत पुढची गोष्ट ती.

जॉन अलेक्झांडर ब्रॉडी, लिव्हरपूलचे शहर अभियंता. फुटबॉलच्या गोलला जाळी लावण्याची कल्पना यांचीच. शहरातला कचरा जाळणाऱ्या भट्टीतून निघणारी क्लिंकर, म्हणजे राखेचे कडक गठ्ठे, फुकट पडून होती. ती फोडून, खडीऐवजी वापरून त्यांनी काँक्रीटचे मोठे तयार स्लॅब ओतले. खोलीच्या एका बाजूला एक अखंड स्लॅब, दारं-खिडक्यांची भोकं ओततानाच ठेवलेली, कडांना एकमेकांत बसणारे खाचे. हे सगळं लिव्हरपूलला ओतून रेल्वेने लेचवर्थला आणलं आणि तिथे फक्त जुळवलं. विल्बरी रोडवरचं ते घर आजही उभं आहे आणि संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. १९०५ साली! प्रीकास्ट इमारतींचा बोलबाला युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर झाला.

का फोफावलं नाही, हे समजून घ्यायला हवं. एक, वजन. भिंतीएवढा स्लॅब उचलायला यारी लागते, ती एका घरासाठी आणणं परवडत नाही; शंभर घरं एका जागी असतील तर परवडतं. दोन, वाहतूक. जड आणि अवजड माल दूर नेला की फुकटच्या राखेचा फायदा मालगाडीच्या भाड्यात जिरतो. तीन, सांधे. प्रत्येक कोपरा म्हणजे पाणी शिरायची जागा. भरीव विटेच्या भिंतीत पाणी पसरून सुकतं, स्लॅबच्या सांध्यात ते एका रेषेतून थेट आत येतं. चार, एकेरी काँक्रीट भिंत आतून गार राहते, मग हिवाळ्यात स्वयंपाकाची वाफ तिच्यावर धरून बुरशी येते.

आणि पाचवी गोष्ट मालातलीच. क्लिंकरमध्ये अर्धवट जळलेला कोळसा आणि गंधक राहतं. कोळशाचे कण ओलाव्याने फुगतात, गंधकामुळे आतलं लोखंड गंजतं. भट्टी नीट तापवून, राख चाळून, काही दिवस पाण्यात भिजवून ठेवली तर धोका कमी होतो, पण ते कोणी मनापासून करत नाही.

@ओळंबा, 'पुन्हा बांधता येत नाही' हा तुमचा आक्षेप इथे मात्र लागू होत नाही. ब्रॉडींची पद्धत पुन्हा बांधण्यासाठीच काढलेली होती. लिव्हरपूलमध्ये त्यांनी एल्डन स्ट्रीटवर त्याच पद्धतीने कामगारांची बहुमजली घरं उभी केली. आणि हेच ब्रॉडी १९१२ साली वास्तुरचनाकार ल्युटेन्स आणि स्विंटन यांच्याबरोबर दिल्लीच्या नव्या राजधानीची जागा आणि आराखडा ठरवणाऱ्या समितीवर होते. त्यामुळे हा विषय आपल्यापासून तितका लांब नाही.

---

थापी

@कडीपाट, क्लिंकरबद्दल पूर्ण सहमत. भर एवढीच की त्याच माणसाने दाखवलेली दिशा चूक नव्हती, माल चूक होता. याच्या अगदी उलट टोकाला स्ट्रेचींचे जावई, वास्तुरचनाकार क्लफ विल्यम्स-एलिस, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सरेमध्ये फळ्यांच्या साच्यात माती ठोकून भिंती करत होते. तिथेही अडचण जोत्याची आणि छपराच्या पुढे आलेल्या कडेचीच: खालून ओल नको, वरून पाऊस नको. बाकी माती टिकते.

---

आणेवारी

आपल्याकडे आलात तर मुंबईच्या बीडीडी चाळी बघा, म्हणजे सरकारच्या 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट'ने बांधलेल्या. नायगाव, वरळी, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या, १९२०च्या दशकात, सगळ्या एकाच साच्यातल्या, काँक्रीटच्या. ओळंब्यांना हवी ती पुनरावृत्ती इथे पुरेपूर होती, सरकारही पाठीशी होतं. तरी सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या पडून होत्या, कारण गिरणी कामगाराला भाडं जड होतं, काही ठिकाणी गिरण्याही लांब होत्या. पुनरावृत्तीनेही प्रश्न सुटत नाही. भाडं, मजुरी, अंतर, या तिघांचा मेळ लागतो तेव्हाच सुटतो.

---

सातबारा

@आणेवारी, मुंबईचा विषय निघालाच आहे तर एक धागा जोडतो. इंग्लंडच्या १९०९च्या गृहनिर्माण आणि नगररचना कायद्यानंतर लगेच १९१५ साली मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा आला. आपण आज 'टीपी स्कीम' म्हणतो ती याच घराण्यातली. त्याच वर्षी पॅट्रिक गेडिस यांचं नगररचनेचं प्रदर्शन मुंबईत भरलं. तिथे नमुना घरं नव्हती, नकाशे आणि चित्रं होती. १९१९पासून ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते.

मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला तोही याच काळात: समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे तळमजल्यावरच्या खोलीलाही आकाश दिसतं. हॅम्पस्टेडच्या ५० फुटांच्या अटीमागची चिंता इथे कोनाच्या भाषेत आली. इंग्लंडात एकरी १२ घरं मांडता आली, मुंबईत तेवढी जमीन नव्हती, म्हणून आकडा बदलला.

---

रंधा

@ओळंबा, शेवटचा प्रश्न तुम्हालाच. १९०५ साली समजा कंपनीकडे चार-पाच हजार पौंड आहेत, रस्ते अर्धवट, गटारं अर्धवट, गावात वस्ती नाही, आणि सरकार एक पेनी देणार नाही. तुम्ही काय केलं असतं?

---

ओळंबा

सुटी घरं मागवलीच नसती. कंपनीचं गटार जिथपर्यंत पोचलं होतं त्या एकाच रस्त्यावर चार-चार घरांचे गट ठेवले असते, थापींच्या हिशेबाने दर घरी ६५ फूट भिंत. स्पर्धा ठेवायचीच तर अट अशी: जिंकणाऱ्याने तोच गट त्याच भावात आणखी तीनदा बांधून द्यायचा, आणि भाव जमीन, कुंपण, गटाराची जोडणी आणि ठेकेदाराचा नफा धरून. ज्यांना लाकूड किंवा काँक्रीट दाखवायचं आहे त्यांना वेगळा कोपरा, बक्षीस वेगळं. आणि घरं कंपनीने स्वतःकडे ठेवून, दहा वर्षं ठरलेल्या भाड्याने, गावात किंवा आसपासच्या शेतावर मजुरी करणाऱ्यालाच द्यायची. अशी अट घातली असती तर प्रवेशिका सव्वाशेच्या जागी वीस आल्या असत्या, हेही मला कळतं. गर्दी कमी झाली असती. ब्रॉडी तरीही आले असते, कारण त्यांना शंभर घरंच बांधायची होती.

---

रंधा

वीस प्रवेशिकांच्या प्रदर्शनाला ग्रेट नॉर्दर्न रेल्वेने खास गाड्या सोडल्या नसत्या, आणि गाड्या नाहीत तर तुमच्या ऐंशी घरांत भाडेकरू कोण आणणार? आइकनील्ड वेवरची विचित्र, एकमेकांशी न जुळणारी घरं मला त्यासाठीच जवळची वाटतात. तुमची दहा वर्षांच्या भाड्याची अट मात्र घ्यायला हवी होती. ती कोणत्याही नकाशापेक्षा मजुराच्या जास्त कामाची होती.